कलाप्रदर्शनाचे वर्णनात्मक परीक्षण : विद्यार्थीलेखनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

कलादालनाला भेट द्यावी आणि पाहिलेल्या प्रदर्शनाचे वर्णनात्मक परीक्षण लिहावे, हा उपक्रम आता केवळ कला महाविद्यालयांपुरता राहिलेला नाही. मराठी, इतिहास, पत्रकारिता यांसारख्या विषयांच्या पदवी वर्गांतही क्षेत्रभेट वा प्रकल्पलेखन म्हणून तो दिला जातो आणि त्याला अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही असतात. मात्र या लेखनप्रकाराविषयी आपल्याकडे फारसा विचार झालेला दिसत नाही. ‘वर्णनात्मक’ हे विशेषणच काहीसे कमीपणाने उच्चारले जाते. वर्णन विद्यार्थ्याने करावे, समीक्षा जाणकाराने, अशी एक विभागणी आपण गृहीत धरलेली आहे. ही विभागणी चुकीची आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वर्णन हे समीक्षेच्या अलीकडचे काम नसून समीक्षेचा पुरावा आहे. तो नसेल तर पुढचे सर्व निर्णय उसने ठरतात.

विद्यार्थीलेखनाचे प्रचलित स्वरूप

विद्यार्थ्यांची परीक्षणे तपासताना त्यांचा एक ठरावीक साचा लक्षात येतो. आरंभी चित्रकाराचा परिचय असतो. तो बहुधा दालनात मिळणाऱ्या माहितीपत्रकातून जसाच्या तसा उतरलेला असतो. मध्यभागी ‘रंगांची मुक्त उधळण’, ‘कुंचल्याची किमया’, ‘मनाला भुरळ घालणारी अभिव्यक्ती’ अशा शब्दप्रयोगांची रेलचेल असते. शेवटी चित्रकाराला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिलेल्या असतात. या मजकुरातील चित्रकाराचे नाव बदलून दुसरे घातले तरी एकही वाक्य बदलावे लागत नाही. ही वाक्ये खोटी नसतात. परंतु ती खोटी ठरण्याची शक्यताच नसते आणि हाच त्यांचा दोष आहे. वाचकाने दालनात जाऊन पडताळून पाहावे असे त्यांत काही सांगितलेलेच नसते.

याचा दोष केवळ विद्यार्थ्यांवर ढकलणे योग्य होणार नाही. आपण प्रश्नच ‘प्रदर्शन तुम्हाला कसे वाटले?’ असा विचारतो. अमेरिकन कलाशिक्षणतज्ज्ञ एडमंड बर्क फेल्डमन यांनी कलासमीक्षेची वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णयन आणि मूल्यनिर्णय अशी चार टप्प्यांची पद्धती मांडली. ती अनेक ठिकाणी शिकवली जाते. परंतु व्यवहारात पहिला टप्पा उरकून टाकून चौथ्याकडे धाव घेण्याचीच वृत्ती आढळते. वास्तविक नवख्या प्रेक्षकाला स्वतःच्या बळावर पूर्ण करता येण्याजोगा टप्पा पहिलाच आहे. मूल्यनिर्णयासाठी परंपरेचे ज्ञान लागते. भिंतीवर काय आहे हे सांगण्यासाठी डोळे, वेळ आणि शब्द पुरेसे असतात.

न पाहिलेल्या वाचकासाठी लेखन

प्रदर्शनपरीक्षणाच्या इतिहासातही वर्णनाला मध्यवर्ती स्थान आहे. फ्रेंच विचारवंत देनी दिदेरो याने १७५९ पासून पॅरिसमधील ‘सलाँ’ प्रदर्शनांवर लिहिले, ते ग्रिमच्या हस्तलिखित नियतकालिकासाठी. त्याचे मोजके वर्गणीदार फ्रान्सबाहेरच्या दरबारांत होते. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन ही त्यांपैकी एक. त्यांनी ही चित्रे पाहिलेली नव्हती आणि मजकुरासोबत चित्रांच्या प्रतिकृतीही जात नसत. त्यामुळे चित्र शब्दांत उभे केल्याशिवाय त्यावर मत देण्याला अर्थच नव्हता. आधुनिक कलासमीक्षेचा एक प्रमुख उगम या गरजेत आहे, हे लक्षणीय आहे.

आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे, मग वर्णन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु छायाचित्रात चित्राचा आकार कळत नाही, रंगाच्या थराची जाडी कळत नाही आणि प्रेक्षक पुढे-मागे सरकला की काय बदलते, हेही कळत नाही. शिवाय छायाचित्र घेण्यास काही क्षण पुरतात. वर्णन लिहायचे तर चित्रासमोर थांबावेच लागते.

एक उदाहरण : हळदणकरांची दीपधारिणी

म्हैसूर येथील जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र आहे. त्याच दालनात राजा रविवर्म्याचीही चित्रे असल्याने हे चित्र रविवर्म्याचेच, असा समज दीर्घकाळ पसरलेला आहे. या चित्रावर ‘प्रकाशाची अद्भुत किमया’ असे लिहिले की तो समज तसाच राहतो, कारण हे वाक्य दोघांनाही लागू पडते.

आता वर्णन करून पाहावे. साडी नेसलेली एक स्त्री उभी आहे. एका हातात दिवा आहे. दुसऱ्या हाताचा तळवा तिने ज्योतीआड धरला आहे. त्या हाताची बोटे आतून उजळल्यासारखी आरक्त दिसतात. चेहऱ्यावर प्रकाश खालून येतो आणि जसजसे ज्योतीपासून दूर जावे तसतसा तो मावळत जातो. माध्यम आहे जलरंग. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची होय. रविवर्म्याची ख्याती तैलरंगांची. तैलरंगात प्रकाश शेवटी, वरून चढवता येतो. पारदर्शक जलरंगाच्या पद्धतीत मात्र उजेड हा बव्हंशी कागदाचाच असतो, तो आरंभापासून राखून ठेवावा लागतो आणि भोवतालचा अंधार थरांनी गडद करीत न्यावा लागतो. म्हणजे चित्रातील स्त्री ज्योत जपते आहे आणि चित्रकार कागदाचा उजेड जपतो आहे. हे विधान अर्थनिर्णयनाचे आहे. परंतु ते वर्णनातून निघाले आहे आणि कोणीही ते पडताळून पाहू शकतो.

वस्तू नसलेल्या चित्राचे वर्णन

ओळखीची आकृती नसेल तेथे वर्णन कशाचे करावे, ही विद्यार्थ्यांची खरी अडचण असते. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची उत्तरकालीन चित्रे पाहताना ती तीव्रतेने जाणवते. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणणे त्यांना मान्य होते. त्यांच्याविषयीच्या लेखनात ‘ध्यानमग्न’, ‘शांत’, ‘झेन’ हे शब्द इतक्या वेळा आले आहेत की चित्र पाहण्याआधीच ते विद्यार्थ्याच्या वहीत उतरतात. झेन विचाराशी गायतोंडे यांचे नाते होते, हे खरेच आहे. तथापि तो परिणाम कॅनव्हासवर कसा घडतो, हे सांगितल्याविना तो शब्द पोकळ राहतो.

येथे वर्णन वस्तूंचे नव्हे, तर क्रियेचे करावे लागते. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंग पसरणे, खरवडणे, पुन्हा चढवणे ही त्यांची कार्यपद्धती परिचित आहे. मग प्रश्न सुचत जातात. खालचा थर कोठे डोकावतो? उजळ पट्टा वर आहे की मध्यावर? आकारांच्या कडा धारदार आहेत की विरघळणाऱ्या? लांबून एकसंध वाटणारा रंग जवळ गेल्यावर किती छटांत फुटतो? एवढ्या प्रश्नांची उत्तरे लिहून झाल्यावर ‘शांत’ हा शब्द वापरावासा वाटला, तर तो विद्यार्थ्याचा स्वतःचा असेल. कदाचित त्याला शांतता नव्हे, तर ताण दिसेल. तसे दिसल्यास ते लिहिण्याचे धैर्यही त्याला याच उत्तरांतून मिळेल.

प्रदर्शन : चित्रांची बेरीज नव्हे

परीक्षण चित्राचे नसून प्रदर्शनाचे आहे, याचा विसर पडणे हा आणखी एक दोष. कोणते चित्र कोणाशेजारी लावले आहे, प्रकाशयोजना कशी आहे, नामपट्टी काय सांगते, यांचीही नोंद आवश्यक असते. मुंबईतील सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या १९११ सालच्या वास्तूत १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय सुरू झाले. तेथे प्रेक्षक एकावर एक असलेल्या अर्धवर्तुळाकार मजल्यांवरून चढत जातो. साहजिकच पाहण्याचा क्रम हा आशयाचा भाग बनतो.

याच ठिकाणी फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे सिंहावलोकी प्रदर्शन भरले. उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांच्या भाषणात आणलेला व्यत्यय देशभर गाजला. ती चर्चा आवश्यकच होती. परंतु ‘कोरा कॅनव्हास’सारखे पुस्तक मराठीत लिहिणाऱ्या, पान, घड्याळ, शंख अशा साध्या वस्तूंना अवकाशात वेगळे नाते देणाऱ्या या चित्रकाराची चित्रे त्या गदारोळात मागे पडली. भाषण शब्दांत होते, म्हणून ते शब्दांत टिकले. चित्रांची मांडणी प्रदर्शनासोबत संपते. तिच्याविषयी जे लिहिले गेले, तेवढेच उरते. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शने साधारणतः आठवडाभर असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ती दोन-तीन दिवसांचीही असतात आणि पुष्कळदा त्यांची पुस्तिका निघत नाही. तेथे विद्यार्थ्याने लिहिलेले परीक्षण हाच एकमेव लेखी दस्तऐवज असू शकतो.

मर्यादा आणि परिभाषा

केवळ वर्णनाने समीक्षा पूर्ण होते, असा येथे दावा नाही. यादी म्हणजे वर्णन नव्हे. काय आधी सांगायचे आणि काय वगळायचे, यात निवड असतेच. मराठीत परिभाषा नाही, ही तक्रारही तपासून पाहावी लागेल. छायाप्रकाश, रंगछटा, अवकाश, घनता, लय हे शब्द आपल्याजवळ आहेत. ‘पोत’ हा विणकामातला शब्द द. ग. गोडसे यांच्या त्याच नावाच्या ग्रंथामुळे (१९६३) मराठी कलाविचारात रुजला. उणीव शब्दांची नसून ते विशिष्ट चित्रासमोर वापरण्याच्या सवयीची आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनाच्या आधारे अध्यापकांसमोर तीन सूचना ठेवता येतील. एक, संपूर्ण प्रदर्शनाऐवजी दोन किंवा तीन कलाकृती आणि त्यांची मांडणी एवढीच मर्यादा घालून द्यावी. दोन, माहितीपत्रक वर्णन लिहून झाल्यावरच वाचावयास सांगावे. तीन, गुण देताना निष्कर्ष आपल्या मताशी जुळतो की नाही हे न पाहता, त्यामागे वर्णनाचा आधार आहे काय, हे पाहावे. संगणकीय साधने क्षणात गुळगुळीत परीक्षण लिहून देत असण्याच्या आजच्या काळात ही तिसरी सूचना अधिकच निकडीची झाली आहे. असे साधन दालनात गेलेले नसते. विद्यार्थी गेलेला असतो. त्याने तेथे नेमके काय पाहिले, हे त्याच्याकडून लिहून घेणे ही आपली जबाबदारी आहे.