दान्तेच्या नरकातला बर्फ

नरक म्हटला की आपल्याला उकळतं तेल आठवतं. दान्तेच्या ‘इन्फर्नो’त मात्र नरकाच्या तळाशी बर्फ आहे. विल्यम ब्लेकने 1824 ते 1827 या काळात ‘डिव्हाइन कॉमेडी’साठी केलेल्या 102 चित्रांपैकी 36 मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात आहेत. त्यांतल्या एकात महाकाय अँटीयस वाकून दान्ते आणि त्याचा वाटाड्या व्हर्जिल यांना या शेवटच्या वर्तुळात अलगद उतरवतो आहे. तिथे विश्वासघातकी माणसं गोठून पडली आहेत.

त्यांना बर्फच का? या काव्यातल्या शिक्षांमागच्या नियमाला ‘कोन्त्रापास्सो’ म्हणतात. हा शब्द अख्ख्या काव्यात एकदाच येतो, अठ्ठाविसाव्या सर्गात. बापलेकांत फूट पाडणारा कवी बेर्त्रां द बोर्न तो उच्चारतो. त्याचं शीर धडावेगळं झालंय आणि ते त्याने कंदिलासारखं हातात धरलंय. इथे भागवताचा पाचवा स्कंध आठवावा: जिवंत पशुपक्षी शिजवणाऱ्याला कुंभीपाकात तेलात उकळतात. जशास तसं. पण दान्तेची उत्तम रूपकं या फेडीच्या पुढे जातात. फ्रान्चेस्का आणि पाओलो यांना वादळ सतत भिरकावत राहतं. वासनेबरोबर वाहत जाणं त्यांनी जिवंतपणीच पत्करलं होतं. आता फक्त थांबता येत नाही. बर्फाचंही तसंच. विश्वासघात करायला मन आधीच गोठलेलं लागतं.

मला अस्वस्थ करतो तो पाहणाऱ्याचा प्रवास. पाचव्या सर्गात फ्रान्चेस्काची कहाणी ऐकून दान्ते शुद्ध हरपून कोसळतो. विसाव्यात, माना उलट्या फिरलेले भविष्यवेत्ते पाहून तो रडतो, तर व्हर्जिल त्यालाच झापतो. तेहतिसाव्यात अल्बेरिगो भेटतो. नातलगांना जेवायला बोलावून त्याने त्यांचा खून करवला होता. डोळ्यांवर गोठलेले अश्रू काढा, अशी तो विनवणी करतो. दान्ते शब्दांत पळवाट ठेवून कबूल होतो, त्याचं नाव काढून घेतो आणि डोळ्यांना हात न लावता पुढे जातो. विश्वासघातक्यांच्या वर्तुळातच दिलेला शब्द मोडला जातो! ईश्वरी न्यायाशी दान्ते आता एकरूप झाला, असाही याचा अर्थ लावता येतो. मला मात्र त्याच्यावरही बर्फ चढलेला दिसतो.

चपखल शिक्षेत पाहणाऱ्याला एक समाधान मिळतं, आणि धोका तिथेच आहे. गावाकडच्या कुणाच्या आजारपणाची बातमी फोनवर येते आणि इथे सिडनीत किंवा मेलबर्नमध्ये बसून आपण सहज म्हणून जातो, ‘करावं तसं भरावं’. वाक्य संपतं आणि चौकशीही संपते. हिशोब बरोबर असेलही. पण पाचव्या सर्गात कोसळणारा आणि तेहतिसाव्यात कोरडेपणाने निघून जाणारा माणूस एकच आहे. ‘इन्फर्नो’ वाचताना कोणाला काय शिक्षा झाली एवढंच पाहू नये; ती पाहता पाहता आपलं काय होतंय, तेही तपासावं.