पगडींची बातमीपत्रे

सेतुमाधवराव पगडी यांचे नाव निघाले की सुशिक्षित मराठी माणसास त्यांची इतिहासपर पुस्तके आठवतात. परंतु ज्या कामाबद्दल त्यांचे ऋण अधिक मानावयास हवे, ते ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ हे भाषांतर फार थोड्या घरी आढळते. नांदेडच्या एका वाचनालयात आम्ही त्याची मागणी केली, तेव्हा कपाटातून निघालेल्या प्रतीची काही पाने अद्याप एकमेकांपासून सुटलेलीही नव्हती. लातूर जिल्ह्यातील निलंगा हे ज्यांचे जन्मस्थान (१९१०), त्यांच्या ग्रंथाची त्यांच्याच मुलखात ही स्थिती पाहून आम्हांस खेद वाटला, आणि त्या खेदापोटीच आम्ही तो शेवटपर्यंत वाचला.

बातमीपत्रे म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. राजपूत राजांचे वकील मोगल दरबारी राहत. दरबारात उघडपणे जे वाचले अथवा बोलले जाई, ते रोजच्या रोज कागदाच्या लहान तुकड्यांवर टिपून ते आपल्या धन्याकडे धाडीत. जयपूरच्या दप्तरात असे कागद साठले. त्यांतील पुष्कळसे कर्नल टॉडने विलायतेस नेले व लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस दिले. जदुनाथ सरकारांनी आपल्या औरंगजेबाच्या इतिहासात त्यांचा भरपूर उपयोग केला. केवळ मराठी जाणणाऱ्यास मात्र ते पारखेच होते.

कोणाची मनसब वाढली, कोणी रजा मागितली, कोणत्या ठाण्यावर ‘गनीम’ चालून आला, असा हा मजकूर असतो. बखरकार पुष्कळ वर्षांनी लिहितो. शेवट काय झाला हे त्यास ठाऊक असते. या बातमीदारास उद्याचीही कल्पना नसते. बादशहा दक्षिणेत सुमारे पंचवीस वर्षे अडकला आणि १७०७ साली अहमदनगरास वारला, हे शाळेतील मुलासही पाठ असते. पण त्या वर्षांचा थकवा अंगी जाणवतो तो या रूक्ष नोंदींतून.

आम्हांस फारसी येत नाही. तेव्हा भाषांतर मुळाशी ताडून पाहण्याचा आमचा अधिकार नव्हे. मराठीविषयी मात्र बोलू. शिवाजीमहाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी बातमी, अर्ज, हुकूम, फौज, मुक्काम हे शब्द आपल्या घरातून गेले नाहीत. ज्या निजामी राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले, तेथे वाढलेल्या पगडींस ते परके वाटण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे त्यांची मराठी साधी उतरली आहे. तीत विद्वत्तेचा आव नाही.

उणीव आहे ती वाटाड्याची. दिवसामागून दिवस नोंदी येत राहतात आणि सामान्य वाचक मध्येच वाट चुकतो. शिवाय वकिलाच्या कानी पडे ते दरबारात सांगण्याजोगे तेवढेच. आपली फजिती कोणता सरदार भर दरबारात हौसेने वाचून दाखवील? या कागदांवर किती विसंबावे, हे जागोजाग सांगणारा कोणी हवा होता. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातील नरहर कुरुंदकर यांनी ‘श्रीमान योगी’स जी दीर्घ प्रस्तावना लिहिली, तीत पुराव्याची अशी उलटतपासणी आहे. कादंबरीच्या पुण्याईने ती घरोघर पोचली. तशी प्रस्तावना बातमीपत्रांस लाभती तर! कुरुंदकर १९८२ मध्ये गेले, पगडी १९९४ मध्ये.

आमची खरी चिंता पुढची आहे. १९४८ नंतर मराठवाड्याच्या कचेऱ्यांतून उर्दू गेली; १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण जुन्या राज्याचे मोठे दप्तर हैदराबादेसच राहिले. घरच्या पेट्यांतील कागद तेवढे येथे उरले. वडील ते वाचीत. मुलांस लिपीच येईना. मध्यंतरी लातुरास एका गृहस्थांनी आम्हांपुढे आजोबांची पेटी उघडली. वरचाच एक कागद काढून त्यांनी विचारले, “अहो, याची वरची बाजू कोणती, तेवढे सांगता का?”

आम्हांसही ते सांगता आले नाही.