पौर्णिमेच्या पणतीला फ्लडलाइट कशाला?

कार्तिकातल्या आपल्या दीपोत्सवांना अलीकडे फ्लडलाइटची बाधा झाली आहे. घाटावर पणत्या मांडायच्या आणि त्या कॅमेऱ्यात नीट याव्यात म्हणून वरून झोत सोडायचे, दीपमाळेच्या दगडी हातांवर दिवे ठेवायचे सोडून तिला एलईडीच्या माळा गुंडाळायच्या, हे आता इतकं सर्रास झालं आहे की कुणाच्या डोळ्यांना खुपतही नाही. याचं कारण आपण या उत्सवांकडे धर्म म्हणून पाहतो, पर्यटन म्हणून पाहतो; सबंध गावाने मिळून घडवलेली प्रकाशाची कला म्हणून त्यांची समीक्षा करत नाही. ती केली असती तर आश्विन अमावास्या आणि कार्तिक पौर्णिमा या दोन रात्रींमधला फरक कधीच ध्यानात आला असता. आकाशकंदील ही अमावास्येची कला. कामट्यांचा सांगाडा, खळीने चिकटवलेला पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. यात दिवा झाकलेला असतो आणि काळोखात किती उजेड सोडायचा हे कागद ठरवतो. अवघ्या पंधरा दिवसांनी तोच समाज नेमक्या उलट्या रात्रीला सामोरा जातो. पावसाने धुतलेली हवा अजून स्वच्छ असते, सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असल्याने पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास उंच चढतो आणि मध्यरात्री कोकण-गोव्यात जवळजवळ डोक्यावर येतो. असं चांदणं पडलेलं असताना पणतीने उजळण्यासारखं काही उरतच नाही. मग ती लावायची कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर त्रिपुरी पौर्णिमेच्या कलेने शोधलं आहे, आणि तिची प्रतिभा मला तिथेच दिसते.

साखळीच्या विठ्ठलापुरात, वाळवंटीच्या पात्रात सोडल्या जाणाऱ्या होड्या हे त्याचं सर्वांत समर्थ उदाहरण. गोव्यातल्या गावागावांतली मंडळी या होड्या घडवून आणतात. वाळवंटी काही मोठी नदी नव्हे, पण या कलेला तेवढंच पाणी हवं. चंद्राचा थंड, पसरट उजेड पाण्यावर सगळीकडे सारखा पडतो. त्यात होडीतल्या दिव्याचा पिवळा ठिपका वेगळा उठून दिसतो, आणि प्रवाहाबरोबर त्याचं प्रतिबिंब लांबतं, तुटतं, पुन्हा जुळतं. होडीचा आकार कारागिराच्या हातचा. तिची गती आणि तिचं प्रतिबिंब मात्र नदीचं. माणसाने निम्मं काम निसर्गावर सोपवावं आणि ते निम्मं आपल्याहून सरस होणार हे आधीच मान्य करावं, ही समज आपल्या कलादालनांतल्या किती मांडणीशिल्पांत सापडते? कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर हीच समज पहाटेच्या वेळी दिसते. पश्चिमेला चंद्र उतरत असतो, पूर्वेला फटफटू लागलेलं असतं, पायऱ्यांवर रांगोळ्या आणि पणत्या असतात, आणि जसजसं उजाडतं तसतसे दिवे फिके पडत जातात. स्वतःचं मावळणं रचनेतच धरून चालणारी ही कलाकृती आहे. बाकीच्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. ड्रोनचे शो ही आकाशातली जाहिरात आहे. अयोध्येने २०२४ साली पंचवीस लाखांवर दिवे लावून विक्रम केला. विक्रमाने मोजदाद होते, पारख होत नाही.

यावर हा जुन्याचा हळवेपणा आहे, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही. आकाशकंदिलात विजेचा बल्ब येऊन कित्येक दशकं लोटली, तरी कंदील बिघडला नाही, कारण उजेडावरचा ताबा कागदाकडेच राहिला. एलईडीच्या उघड्या पट्टीत तो ताबाच सुटतो. तिथे उजेड गाळणारं काही नाही, नुसती चमक आहे. म्हणजे भांडण विजेशी नाही, अविचाराशी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: झोतांशिवाय हजारोंच्या गर्दीला दिसणार कसं, आणि घाटावर अपघात झाला तर? पायऱ्यांवर, वाटांवर खालच्या बाजूने मंद दिवे लावता येतात, त्यांचं तोंड पाण्याकडून वळवता येतं. तेवढी सोय पुरते. बाकीचे झोत व्यासपीठावरच्या पाहुण्यांसाठी असतात, हे स्पष्ट बोललं पाहिजे. तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. नदीच्या भरवशावर उभी असलेली कला नदीत थर्माकोल सोडत असेल तर ती स्वतःचाच पाया पोखरते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. होड्यांच्या स्पर्धांत मात्र आकार आणि नक्षीला गुण देताना होडी कशाची केली आहे हे परीक्षकांनी विचारलंच नाही, तर बंदीचा काही उपयोग नाही. केळीचा सोप, बांबू, करवंटी, कागद एवढ्या सामग्रीवर उत्तम होडी होते, आणि अशी मर्यादा घातली की कारागिराची कल्पकता वाढते.

तेव्हा उत्सव समित्यांकडे मागणं एवढंच आहे: येत्या त्रिपुरी पौर्णिमेला पहिली होडी पाण्यात उतरल्यापासून शेवटची पुढे सरकेपर्यंत नदीवरचे झोत बंद ठेवा. भाषणं हवी तर आधी उरका. परीक्षकांनी बक्षिसाचे गुणही त्याच चांदण्यात, पाण्यावरची होडी पाहून द्यावेत.