भित्तिपत्रक, श्रेयनामावली आणि चिन्हाची एकरूपता

चित्रपटाच्या प्रसिद्धिसाहित्यात दृश्य एकरूपता असावी, असे म्हणताना बहुधा एकच चित्र सर्वत्र छापावे एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. हा अर्थ अपुरा आहे. ऑटो प्रेमिंजर यांच्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' (१९५५) या अमेरिकन चित्रपटासाठी सॉल बास यांनी केलेले संकल्पन तपासले असता हा अपुरेपणा ध्यानात येतो.

नेल्सन ऑल्ग्रेन यांच्या १९४९ च्या कादंबरीवरील या चित्रपटाचा नायक पत्ते वाटण्यात निष्णात, आणि हेरॉइनचा व्यसनी आहे. शीर्षकातील 'सोन्याचा हात' त्यामुळे द्व्यर्थी ठरतो : ज्या हातात कसब, त्याच हातात सुई. व्यसनाचे असे चित्रण हॉलिवुडच्या तत्कालीन निर्मितिसंहितेस मान्य नव्हते. तिच्या मान्यतेची मुद्रा न मिळताच चित्रपट प्रदर्शित झाला. बास यांनी या सर्वांतून उचलला तो केवळ हात : वरून खाली आलेला, कोनाकोनांत मोडलेला, जणू कागदातून ओबडधोबड कापलेला. 'सोन्याचा' हे विशेषण त्यांनी रंगाने दाखविलेच नाही. शब्दांनी दिलेला गौरव चित्राने काढून घेतला, आणि माझ्या मते संकल्पनाचे मर्म येथेच आहे.

आता हा हात ठिकठिकाणी कसा येतो ते पाहावे. भित्तिपत्रकावर तो काळा आहे. श्रेयनामावलीत काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या एल्मर बर्नस्टाइन यांच्या जॅझ संगीताबरोबर सरकतात आणि अखेरीस त्यांतूनच पांढरा हात घडतो. रंग उलटला, स्थिर आकृतीला गती आली. तरी ओळख पटतेच, कारण मोडलेली बाह्यरेषा हे व्यवच्छेदक लक्षण दोन्हीकडे कायम आहे. स्वनिमाची स्वनांतरे परिसरानुसार बदलतात, तसाच हा प्रकार. अर्थात् हे साधर्म्य फार ताणू नये. स्वनिमाला स्वतःचा अर्थ नसतो, या हाताला आहे.

भित्तिपत्रकावर फ्रँक सिनात्रा, किम नोव्हाक आणि एलिनॉर पार्कर यांची छायाचित्रेही आहेत. धंद्याच्या गरजेपोटी आलेली ही छायाचित्रे चिन्हास बाधक आहेत, असा आक्षेप घेता येईल. मला तो मान्य नाही. ती असमान, तिरप्या कडांच्या चौकटींत बसविलेली असून त्या चौकटींची कापणी हाताच्याच जातीची आहे. 'टेबल' हा शब्द मराठीत आला की त्याचे 'टेबलावर' होते, आणि मग तो परका राहत नाही.

याच जोडीच्या 'ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर' (१९५९) या चित्रपटात एकरूपता अधिक काटेकोर आहे. अवयव तुटलेली मानवाकृती भित्तिपत्रकावर आहे; श्रेयनामावलीत तिचे अवयव सुटे होऊन येतात; ड्यूक एलिंग्टन यांच्या संगीताच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरही तीच आहे. परंतु ती शीर्षकातील 'शरीररचना' या शब्दाचे भाषांतर करून थांबते. चित्रपटात विच्छेदन चालते ते न्यायालयातील साक्षींचे, म्हणजे शब्दांचे; त्याची खूण आकृतीत सापडत नाही. काटेकोरपणा वाढला, अर्थ मात्र आटला.

बास यांना शीर्षक एकाच लिपीत मांडावयाचे होते. आपल्याकडे हिंदी चित्रपटांच्या भित्तिपत्रकांवर तेच शीर्षक नागरी, रोमन आणि उर्दू अशा तीन लिप्यांत देण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. नागरीची शिरोरेषा अक्षरांना वरून बांधते, रोमन मुद्राक्षरे सुटी उभी राहतात, नस्तालीकची ओळ उजवीकडून डावीकडे उतरत जाते. येथे ओळखीचा भार अक्षरवळणावर टाकावयाचा तर तिन्ही लिप्यांना पेलेल असे लक्षण शोधावे लागते. आणि ते अक्षराच्या आकारात नव्हे, तर रेषेची जाडी, कडांची कापणी किंवा छायेची दिशा यांतच मिळू शकते.