शहराचे ड्रोन : नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन डिएगोच्या दक्षिणेस, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ चुला व्हिस्टा नावाचे शहर आहे. वस्ती सुमारे पावणेतीन लाखांची. तेथील पोलीस खात्याने ऑक्टोबर २०१८ मध्ये एक नवी पद्धत सुरू केली. मदतीसाठी ९११ या क्रमांकावर दूरध्वनी आला, की पोलिसांची गाडी पोहोचण्याची वाट न पाहता इमारतीच्या गच्चीवरून ड्रोन उडतो. गच्चीवर एक वैमानिक आकाशाकडे लक्ष ठेवून उभा असतो, आणि नियंत्रणकक्षात बसलेला पोलीस अधिकारी पडद्यावर पाहत ड्रोन घटनास्थळाकडे नेतो. सुरुवातीला ही उड्डाणे एकाच ठिकाणाहून होत. पुढे अशी चार ठिकाणे झाली आणि जवळजवळ सारे शहर ड्रोनच्या टप्प्यात आले. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी नंतर याचे अनुकरण केले.

या प्रयोगाची स्तुती पुष्कळ झाली आणि त्यावर टीकाही झाली. ड्रोन चांगला की वाईट, या वादात आम्हांला पडायचे नाही. ड्रोनच्या ताफ्याचा कारभार ज्या माहितीवर चालतो आणि त्याच माहितीतून जो नकाशा नागरिकांपुढे ठेवला जातो, त्याचे परीक्षण आम्हांला करावयाचे आहे. नकाशावाचन हा आपल्या वर्गातला जुना विषय. येथे त्याची चांगली कसोटी लागते.

ड्रोन एकच असेल, तर वहीत नोंद ठेवून भागते. दहा-वीस झाले की प्रश्न एस.टी.च्या आगारासारखा होतो. कोणती गाडी बाहेर आहे, कोणती दुरुस्तीला, कोणत्या चालकाची पाळी, कोणाचा परवाना संपत आला. त्यात बॅटरीची भर पडते, कारण प्रत्येक बॅटरी किती वेळा भरली आणि उतरली यावर ती विश्वासाची आहे की नाही हे ठरते. शिवाय आगाराला नसलेली एक अडचण येथे असते. रस्ता आखलेला नसतो. विमानतळाची हद्द, हेलिकॉप्टर उतरणारी रुग्णालये, उंच मनोरे, विजेच्या तारा, सारे लक्षात घेऊन वाट काढावी लागते. म्हणून हा कारभार साध्या हिशेबाच्या आज्ञावलीकडे न जाता भौगोलिक माहिती प्रणालीकडे जातो. १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडातील जमिनीच्या मोजदादीसाठी अशी संगणकीय प्रणाली प्रथम उभी केली, आणि तत्त्व अजून तेच आहे. एकेका पारदर्शक कागदावर एकेक विषय काढायचा, रस्ते एकावर, इमारती दुसऱ्यावर, हवाई हद्दी तिसऱ्यावर, आणि कागद एकमेकांवर ठेवून पाहायचे. ड्रोनचा कागद एवढाच वेगळा, की त्यावरचे चित्र हलते. व्यावसायिक ड्रोनच्या नोंदवहीत सेकंदाला अनेक वेळा अक्षांश, रेखांश, उंची, वेग, बॅटरीचा विद्युतदाब लिहिला जातो. कॅमेरा कोणत्या दिशेला आणि किती कललेला होता, हेही त्यात असते. हा तपशील पुढे उपयोगी पडेल.

ताफा सांभाळण्याचे काम अशी प्रणाली उत्तम करते. चुला व्हिस्टाने त्यापुढे जाऊन उड्डाणाची रेषा, दिनांक, वेळ आणि घटनेचा प्रकार दाखवणारा नकाशा नागरिकांसाठी खुला केला. पुष्कळ शहरे एवढेही करीत नाहीत. ज्याने काहीच दाखवले नाही, त्याच्या नकाशात चुका तरी कशा काढणार? तेव्हा हे श्रेय आधी दिले पाहिजे.

आमचा आक्षेप असा, की हा नकाशा आगारप्रमुखाचा आहे. विमान कुठून निघाले, कुठे गेले, केव्हा परतले, हे त्याला हवे असते आणि नकाशा ते चोख सांगतो. खाली राहणाऱ्या माणसाचा प्रश्न निराळा. विमान कुठे होते यापेक्षा विमानाने काय पाहिले, हे त्याला जाणून घ्यायचे असते. रेषेकडे पाहून आपल्याला हेच उत्तर मिळाले असे त्याला वाटते, पण ते मिळालेले नसते.

थोडी त्रिकोणमिती करू. दहावीच्या मुलांना जमेल अशी आहे. ड्रोन १२० मीटर उंचीवर आहे असे धरा. अमेरिकेत लहान ड्रोनसाठी सर्वसाधारण मर्यादा ४०० फूट, म्हणजे जवळपास एवढीच आहे. कॅमेरा क्षितिजसमांतर रेषेच्या खाली ४५ अंश कलला, तर दृष्टिरेषा १२० मीटरवर जमिनीला टेकते. १० अंशच कलला, तर १२० भागिले १० अंशांचे टॅन, म्हणजे सुमारे ६८० मीटरवर टेकते. ५ अंशांना हे अंतर १,३७० मीटर होते. नकाशावरची रेषा पेन्सिलीच्या टोकाएवढी, आणि कॅमेऱ्याच्या टप्प्यातला पट्टा मात्र दोन्ही अंगांना शेकडो मीटर पसरलेला. ज्याच्या छपरावरून रेषा गेली तो धास्तावतो, ज्याच्या छपरावरून गेली नाही तो निर्धास्त राहतो, आणि दोघांचेही अंदाज चुकीचे असू शकतात. पहिल्याचे घर कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, थेट पोटाखाली राहिलेले असेल. दुसऱ्याचे अंगण पडदाभर दिसले असेल.

यावर पोलिसांचे उत्तर असे, की घटनास्थळी जाताना कॅमेरा क्षितिजाकडे रोखलेला असतो. ऐकायला हे समाधानकारक वाटते. पण कॅमेऱ्याची नजर म्हणजे एक रेषा नव्हे; ती पुढे रुंदावत जाणारी असते. तिचे उभे क्षेत्र ४० अंशांचे धरले, तर मध्य क्षितिजावर असताना चौकटीची खालची कड २० अंश खाली असते. म्हणजे ३३० मीटरपासून पुढची सारी जमीन चित्रात येते. वरच्या अर्ध्या भागात आकाश, खालच्या अर्ध्या भागात लोकांची वस्ती. अर्थात दिसणे आणि ओळखू येणे यांत फरक आहे, आणि तो सांगितला नाही तर आमची टीका एकांगी होईल. ६० अंशांचे आडवे क्षेत्र ३,८४० चित्रबिंदूंत विभागले, तर ६८० मीटर पुढच्या जमिनीपाशी एक बिंदू सुमारे १९ सेंटिमीटरचा होतो. माणूस म्हणजे आठ-नऊ बिंदू उंच आणि दोन-तीन बिंदू रुंद असा डाग. चेहरा कळणे अशक्य. दहापट मोठे करणारे भिंग वापरले, की तोच बिंदू दोन सेंटिमीटरच्या आत येतो आणि परसात वाळत घातलेले कपडे मोजता येतात. तेव्हा कॅमेऱ्याचा कल आणि भिंगाची स्थिती हे दोन रकाने नसतील, तर खाजगीपणाबद्दलचे कोणतेही विधान, पोलिसांचे असो वा टीकाकारांचे, त्या नकाशावरून सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा उड्डाणस्थळांचा. याची चर्चा फारच थोडी होते, म्हणून आम्ही तो जरा सविस्तर मांडतो. बैलगाडीच्या चाकाचे आरे मध्याजवळ दाट आणि धावेजवळ विरळ असतात. एकाच गच्चीवरून निघणाऱ्या उड्डाणांचेही तसेच होते. समजा, १,००० उड्डाणे सर्व दिशांना सारखी, सरळ रेषेत, निदान दोन किलोमीटरपर्यंत गेली. गच्चीपासून ५०० मीटरवर असलेल्या, १०० मीटर रुंदीच्या आळीवरून त्यांतली सुमारे ३२ जातील. दोन किलोमीटरवरच्या तेवढ्याच आळीवरून ८ जातील. परतीची वाट धरली तर हे आकडे ६४ आणि १६ होतात. त्या आळ्यांतून एकही दूरध्वनी गेला नसला तरीही हे होणारच. अंतर चौपट झाले की ओझे चतुर्थांशावर येते. याचा गुन्हेगारीशी संबंध नाही, वर्तुळाच्या परिघाशी आहे.

आता चुला व्हिस्टाकडे परत येऊ. ८०५ क्रमांकाचा महामार्ग शहराला उभा छेदतो. पश्चिमेकडची वस्ती जुनी, तुलनेने गरीब, स्थलांतरितांचे प्रमाण अधिक. पूर्वेकडे नव्या, सुस्थित वसाहती. ‘वायर्ड’ या मासिकाने जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील जवळजवळ १०,००० उड्डाणांच्या नोंदी, म्हणजे दोन कोटींहून अधिक स्थानबिंदू तपासले आणि जून २०२४ मध्ये लिहिले, की गरीब वस्त्यांवर ड्रोनचा वावर अधिक आहे. पोलिसांचे म्हणणे, जिथून बोलावणे येते तिथे आम्ही जातो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. एखाद्या वस्तीवर ड्रोन येतो तो एक तर तिथल्या कोणी बोलावले म्हणून, किंवा दुसरीकडे जाताना ती वाटेत पडली म्हणून, किंवा कोणी न बोलावता खात्याला तिथे पाहायचे होते म्हणून. यांतली पहिली गोष्ट नागरिकांच्या हातची, पण दुसरी गच्ची निवडणाऱ्यांच्या हातची आहे. ‘बोलावले तिथे जातो’ या उत्तरात वाटेत पडणाऱ्यांना जागाच नाही. मासिकाची मोजणीही मुख्यतः विमानाच्या स्थानावर उभी आहे, कारण हाती आली ती स्थानेच. तीन कारणे तीन रंगांत काढली असती, तर दोन्ही पक्षांना अधिक नेमके बोलावे लागले असते. असे करणे या आज्ञावलीला मुळीच अवघड नाही. प्रत्येक उड्डाणाचा शेवटचा भाग वेगळा काढायचा, उरलेली रेषा ‘वाट’ म्हणून धरायची. विद्यार्थ्याला एका दुपारचे काम.

तिसरे कारण किती वेळा घडते, हे ‘हेतू’ या रकान्यावरून कळायला हवे. मासिकाच्या तपासणीत दहांपैकी सुमारे एका उड्डाणाचा हेतू दिलेला नव्हता आणि ते कोणत्या दूरध्वनीशी जोडताही आले नाही. आगाराच्या दृष्टीने ही कारकुनी त्रुटी आहे. खालच्या माणसाचा सारा प्रश्न मात्र त्या रिकाम्या चौकोनातच असतो.

रेषेऐवजी चित्रफीतच पाहू द्या, अशी मागणी ‘ला प्रेन्सा सॅन डिएगो’ या वृत्तपत्राचे प्रकाशक आर्तुरो कास्तान्यारेस यांनी केली होती. मार्च २०२१ या एका महिन्याच्या फिती त्यांनी मागितल्या. तपासाची कागदपत्रे म्हणून शहराने सरसकट नकार दिला आणि खालच्या न्यायालयाने तो मान्य केला. अपील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मात्र सांगितले, की साऱ्या फिती सरसकट गुप्त ठरत नाहीत. वस्तीत फिरणारा डोंगरी सिंह, पाण्याची गळती, महामार्गावर अडकलेला मोटारचालक, अशा कामांसाठी उडालेला ड्रोन गुन्ह्याचा तपास करीत नसतो. तेव्हा फितींची वर्गवारी करावी. आमच्या दृष्टीने या निकालातली लक्षणीय गोष्ट ही, की न्यायालयाने विमानाची वाट सोडून पाहण्याचा हेतू हा वर्गीकरणाचा पाया धरला. नकाशा करणाऱ्यांनी हे आधीच करायला हवे होते.

एक आक्षेप रास्त आहे. कॅमेऱ्याची प्रत्येक नजर नकाशावर काढली, तर मदत मागणाऱ्याचे घरच उघडे पडेल. मारहाण होणाऱ्या बाईने दूरध्वनी केला, आणि तिच्या दारावर रोखलेली नजर सगळ्या शहराने पाहिली, हे कोणालाच नको. पण त्यासाठी सारेच झाकण्याची गरज नाही. शहराचे २०० मीटरचे चौकोन पाडावेत आणि प्रत्येक चौकोन महिन्यात किती सेकंद चित्रात होता, त्यांतली किती सेकंदे भिंग मोठे केलेले होते, एवढीच बेरीज द्यावी. लोकसंख्येच्या मोजणीत व्यक्तीची माहिती झाकून वस्तीची माहिती देण्याची ही रीत जुनी आहे.

आपल्याकडेही असाच एकदिशी नकाशा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोनचे नवे नियम आले आणि सप्टेंबरमध्ये हवाई हद्दींचा हिरवा, पिवळा, लाल असा देशाचा नकाशा प्रसिद्ध झाला. हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. उडवणाऱ्याची त्याने मोठी सोय झाली. खाली कोण राहते, त्याचा त्यात विचार नाही; तो त्या नकाशाचा उद्देशही नव्हता. पण आपल्या महानगरपालिका आणि पोलीस खाती ड्रोन वापरू लागली आहेत, आणि उद्या त्यांच्या उड्डाणांचे नकाशे निघाले तर ते कोणाच्या बाजूने काढलेले असावेत, हे आज वर्गात बोलता येईल.

त्यासाठी संगणक लागत नाही. गावाचा किंवा प्रभागाचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढून पुठ्ठ्यावर चिकटवा. पोलीस चौकीच्या जागी एक टाचणी टोचा. चिठ्ठ्या टाकून चाळीस घरे निवडा आणि टाचणीपासून प्रत्येकापर्यंत दोरा ताणा. प्रत्येक चौकोनावरून किती दोरे गेले ते मुलांना मोजू द्या, आणि त्यांतले किती त्याच चौकोनातल्या घरासाठी होते, तेही वेगळे लिहायला सांगा. मग घरे तीच ठेवून टाचणी उपटा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, शाळेच्या गच्चीवर टोचा. पुन्हा मोजा.