‘निवडून येण्याजोगा’ : १८६४ मधील एका उमेदवारीची भाषा

‘निवडण्याजोगा’ आणि ‘निवडून येण्याजोगा’ हे मराठीतील दोन प्रयोग वरवर पाहता समानार्थी वाटतात. वस्तुतः पहिल्यात निवडणाऱ्याचा विवेक गृहीत आहे. दुसऱ्यात निवडणारा अदृश्य होतो आणि ‘जोगा’ हा शब्द योग्यतेकडून शक्यतेकडे सरकतो. युद्ध चालू असताना अध्यक्षाला आव्हान देणारा पक्ष बहुधा या दुसऱ्या प्रयोगाच्या आहारी जातो. अमेरिकेतील १८६४ ची निवडणूक हे त्याचे अभ्यसनीय उदाहरण होय.

त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन शिकागो येथे भरले. पक्षात युद्ध चालू ठेवू इच्छिणारे होते, तसे तत्काळ शस्त्रसंधी मागणारेही होते. दोहोंना सांभाळण्यासाठी उमेदवारी दिली गेली जनरल मॅक्लेलन यांना, आणि जाहीरनाम्यातील शांतिविषयक कलम मात्र व्हॅलँडिगहॅम या शांतिवाद्याच्या प्रभावाखाली सिद्ध झाले. उपाध्यक्षपदासाठी निवडलेले पेंडल्टन हेही शांतिपक्षाचेच. लिंकनने ज्याला नोव्हेंबर १८६२ मध्ये सेनापतिपदावरून दूर केले, तोच त्याच्यासमोर उभा करावा, हा हिशेब त्या घटकेला खुळा नव्हता. खुद्द लिंकनने २३ ऑगस्ट रोजी आपला पराभव संभवनीय असल्याचे टिपण लिहून, मजकूर न दाखवता, त्यावर मंत्र्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

दोष माणसाच्या निवडीत जितका नाही, तितका त्याच्या तोंडी घातलेल्या भाषेत आहे. शिकागोच्या ठरावात युद्धाचा प्रयोग फसल्याचे सांगून प्रथम शस्त्रसंधीची मागणी येते. संघराज्याच्या पायावर शांतता हे त्यानंतरचे उद्दिष्ट ठरते. मॅक्लेलन यांच्या ८ सप्टेंबरच्या स्वीकृतिपत्रात हाच क्रम उलटा होतो : आधी संघराज्य, मग शांतता. शब्द बहुतेक तेच. परंतु अशा मजकुरात पौर्वापर्य हाच अर्थ असतो. यापेक्षाही लक्षणीय आहे ते पत्राचे शेवटचे वाक्य. येथे मांडलेली मते अधिवेशनाचीच आहेत या विश्वासाने आपण उमेदवारी स्वीकारतो, असे ते म्हणतात. ज्या ठरावाचे खंडन नुकतेच केले, त्याच्याशी सहमतीचा हा दावा! व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे, अर्थदृष्ट्या ते स्वतःलाच खोडते. शांतिवाद्यांना ते विश्वासघाताचे वाटले. युद्धसमर्थकांना ठराव विसरता आला नाही.

दरम्यान २ सप्टेंबरला अटलांटा पडले होते. युद्ध फसल्याचा दावा करणाऱ्या ठरावाला तीन-चार दिवसांचेही आयुष्य लाभले नाही. अटलांटाच्या विजयानेच निकाल फिरला, हे मत सर्वमान्य आहे आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. तथापि एकसंध भूमिका असलेला पक्ष त्या बातमीने इतका उघडा पडला असता काय, हा प्रश्न उरतोच. १४० वर्षांनी, २००४ मध्ये, इराक युद्धाच्या काळात याच पक्षाने व्हिएतनाममध्ये लढलेल्या जॉन केरी यांना बुश यांच्याविरुद्ध उभे केले. त्यांनाही २००२ मध्ये युद्धाच्या अधिकाराला दिलेले मत आणि नंतरची टीका एकाच वाक्यात बसवताना तशीच कसरत करावी लागली.

८ नोव्हेंबर १८६४ च्या मतदानानंतर लिंकनला २१२ आणि मॅक्लेलन यांना २१ निर्वाचक मते मिळाली. न्यू जर्सी, डेलावेअर व केंटकी एवढीच राज्ये त्यांच्या वाट्याला आली. ज्यांचा लाडका म्हणून त्यांची निवड झाली होती, त्या सैनिकांच्या वेगळ्या मोजलेल्या मतांत तर लिंकनचे आधिक्य सर्वसाधारण मतदारांतील आधिक्याहूनही मोठे होते.