दोन्ही बाजूंनी सुलट

भरतकाम पारखायचं तर कापड उलटं करून बघावं, असं जाणत्या बायका सांगतात. पुढची फुलं कितीही देखणी असोत, मागे गाठी आणि लोंबती टोकं दिसली की हात कच्चा. चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या सुझौ शहरातलं दुहेरी भरतकाम मात्र या परीक्षेला पुरून उरतं. त्याला उलटी बाजूच नाही.

त्यातला आवडता विषय मांजर. चौकटीवर ताणलेल्या आरपार दिसणाऱ्या रेशमी कापडावर ते पुढूनही तेवढंच जिवंत, मागूनही. इथे गाठ मारायची नाही. धाग्याचं टोक इवल्या टाक्यांनी अडकवायचं आणि पुढच्या टाक्यांखाली झाकायचं. सुई सरळ उभी घालायची आणि पलीकडचा आधीचा धागा तिने फाटू द्यायचा नाही. एका धाग्याचे दोन, चार, आठ, सोळा पदर सोडवतात. अंगावरची लव उतरते ती अशा बारीक पदरांतून, आणि डोळ्यांतली चमक एकमेकींत मुरलेल्या अनेक छटांतून.

याच शहरातल्या चार अभिजात बागा 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. 2000 मध्ये आणखी पाच बागांची भर पडली, त्यांत त्सांगलांग मंडपाची बाग आहे. 11व्या शतकात सू शुनछिन या बडतर्फ झालेल्या कवी-अधिकाऱ्याने ती वसवली. आजची बांधणी बरीच नंतरची. सुझौच्या बागा सहसा रस्त्याकडे उंच भिंत करतात आणि तळं आत राखतात. इथे पाणी बाहेर आहे, टेकडी आत. दोहोंच्या मध्ये दुहेरी पडवी: छप्पर एक, मधोमध भिंत, तिच्या दोन्ही अंगांनी वाट. भिंतीत नक्षीदार जाळीच्या खिडक्या. बागेत अशा 100हून अधिक खिडक्या आहेत, नक्षी निरनिराळी. पाण्याच्या बाजूने चालताना जाळीतून टेकडीवरची हिरवाई तुकड्या-तुकड्यांनी दिसते. आतून चालणाऱ्याला पाणी दिसतं. भिंत अडवतेही आणि जोडतेही.

दोन्ही कला एकच गोष्ट करतात असं नाही. मांजर दोन्हीकडे सारखंच दिसतं. पडवी मात्र अलीकडच्याला पलीकडचं दाखवते. पण पाहणारा कुठेही उभा असो, त्याच्या वाट्याला मागची बाजू येऊ द्यायची नाही, हा आग्रह दोहोंत आहे. सोळा पदरांचं नवल वाटतं खरं, पण ते नवलच. रस आहे तो या आग्रहात.

म्हणून आधी मांजर पाहावं, मग पडवी. डोळ्याला मागची बाजू तपासायची सवय लागली, की सुझौच्या इतर नामांकित बागांत शिरण्याआधी पाऊल अडतं: आत एवढं सौंदर्य, आणि रस्त्यावरच्या माणसासाठी नुसती पांढरी भिंत?